प्रवाहात तग धरणारे

फराळाचे ताट शेजारी ठेवून जो वाचक हा अंक उघडील, त्याच्यापुढे मूत्राचा आणि मूत्रमार्गाच्या विकारांचा विषय मांडणे शिष्टसंमत नव्हे, याची मला पुरती जाणीव आहे. परंतु जे दुखणे जवळजवळ निम्म्या स्त्रीजातीला आयुष्यात एकदा तरी गाठते, आणि जे २०१९ या एका वर्षात जगभर चाळीस कोटींहून अधिक वेळा उद्भवले असा अंदाज आहे, त्याच्याविषयी आपल्या नियतकालिकांनी आजवर पाळलेले सोवळे मौन आता पुरे झाले, असेही मला वाटते. घरात हा विषय ‘उन्हाळे लागले’ एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. मग धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे सरबत हे सोपस्कार होतात. आणि त्यांनी उतार पडला नाही, तर संकोचाने दवाखान्याची पायरी चढावी लागते. आपल्या पूर्वसूरींना असा संकोच नव्हता. चरकाने मस्तक, हृदय आणि बस्ति ही तीन प्रधान मर्मे मानली आणि मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले. बस्तीला, म्हणजे मूत्राशयाला, हृदयाच्या पंक्तीला बसवणाऱ्या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्यांनी त्याचे नाव काढताना खाली मान घालावी, हे जरा विचित्रच.

रोगाचे कारण जीवाणू, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण कोणते जीवाणू, आणि त्यांच्या अंगी असे काय असते, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. म्युनिकमधील एक तरुण बालरोगतज्ज्ञ, थिओडोर एशेरिश, यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेचे चिकाटीने परीक्षण करून एका दंडाकार जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. तो बहुतेक प्रत्येक आतड्यात आढळत होता आणि सामान्यतः कोणाचे वाईट करताना दिसत नव्हता. पुढे त्यांच्याच नावाने तो ‘एशेरिकिया कोलाय’ म्हणून ओळखला जाऊ लागला. परंतु नऊ वर्षांनी, १८९४ मध्ये, याच एशेरिश यांना मूत्राशयदाहाने पीडित लहान मुलींच्या लघवीत नेमका हाच जीवाणू सापडल्याचे नमूद करावे लागले. ज्याची आतड्यातली वर्तणूक निष्कलंक, तोच चार बोटे अंतरावरच्या दुसऱ्या मार्गात शिरताच आग, कळा आणि ताप उत्पन्न करतो, हे कोडे त्या दिवसापासून वैद्यकाच्या दप्तरात दाखल झाले आणि पुढे ऐंशी वर्षे तसेच पडून राहिले.

मूत्रमार्ग हे जीवाणूंच्या दृष्टीने मोठे अडचणीचे ठिकाण आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. आतड्यात अन्नाची ददात नसते. इथे युरियाने भरलेला, बहुधा आम्ल आणि लोहाचा जवळजवळ दुष्काळ असलेला द्रव. त्यात दर काही तासांनी सर्व मजकूर एका झोतासरशी बाहेर फेकला जाणार. वरून मूत्रपिंडांकडून नवा ओघ सतत चालूच. जो कशाला तरी धरून राहील तोच येथे टिकेल, बाकीचे वाहून जातील. स्त्रियांना हे दुखणे अधिक का, याचे एक कारण शरीररचनेत आहे: पुरुषाच्या मूत्रमार्गाची लांबी सुमारे वीस सेंटीमीटर, तर स्त्रीच्या मूत्रमार्गाची अवघी चार, आतड्याच्या मुखापासून निघालेल्या जीवाणूला मूत्राशय गाठण्यास तेवढेच अंतर कापावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाने या रोगाचा हिशेब शिरगणतीने केला. बोस्टन येथील एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये असा निकष मांडला, की लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा अधिक जीवाणू आढळले तर तो संसर्ग अर्थपूर्ण समजावा; त्याहून कमी असतील तर नमुना घेताना बाहेरून मिसळले असण्याची शक्यता मोठी. हा निकष आजही प्रयोगशाळांतून अमलात आहे. पुण्यातील एका पेठेतल्या खाजगी प्रयोगशाळेत मी तो प्रत्यक्ष पाहिला. तेथील तंत्रज्ञ बाईंनी मधल्या धारेची लघवी असलेल्या डबीत एक बारीक कडी बुडवली. त्या कडीत द्रवाचा बरोबर एक सहस्रांश मिलिलिटर मावतो. निळसर हिरव्या रंगाच्या थाळीवर त्यांनी मध्यभागी एक उभी रेघ ओढून तिच्यावर आडव्या रेघांची दाट नक्षी काढली आणि थाळी सदतीस अंशांच्या पेटीत ठेवली. आदल्या दिवशीची थाळी शेजारीच होती. तिचा हिरवा रंग जाऊन ती पिवळी पडली होती आणि तिच्यावर मोहरीएवढे, चकचकीत, पिवळे ठिपके उठले होते. “शंभराच्या वर कॉलन्या दिसल्या की मोजत बसायचं नाही सर, सरळ एक लाखाच्या वर म्हणून लिहायचं,” बाई म्हणाल्या, आणि मी पुढचा प्रश्न विचारण्याआधीच त्यांनी स्वतः पुस्ती जोडली, “पण ज्यांचा हा नमुना, त्यांना ताप आहे की त्या ठणठणीत आहेत, ते काही प्लेट सांगत नाही.”

त्या एका वाक्यात या शास्त्राची सारी अडचण आली. कास यांच्या निकषाप्रमाणे चाचण्या सुरू झाल्या तेव्हा असे निदर्शनास आले, की कित्येक मुलींच्या आणि स्त्रियांच्या लघवीत लाखोंनी जीवाणू असूनही त्यांना यत्किंचित त्रास नसतो. जीवाणू तोच, संख्याही तीच. मग एकीला हुडहुडी भरून येते, कुशीत शूळ उठतो आणि दुसरी निर्धास्तपणे शाळेत जाते, याचा उलगडा शिरगणतीने होणे शक्य नव्हते.

तो उलगडा स्वीडनमध्ये झाला. गोथेनबर्ग शहरात १९७० च्या दशकात शाळकरी मुलींच्या लघवीची मोठ्या प्रमाणावर तपासणी चालू होती, आणि लार्स हॅन्सन यांच्या विभागात निरनिराळ्या मुलींपासून मिळालेल्या जीवाणूंचा संग्रह जमत होता. काथारिना स्वानबोर्ग या तरुण संशोधिकेने एक अगदी साधा, किंबहुना साधेपणामुळेच आजवर कोणाला न सुचलेला, प्रयोग केला. निरोगी व्यक्तीच्या लघवीतून नैसर्गिकपणे गळून पडणाऱ्या पेशी तिने वेगळ्या केल्या, त्यांत जीवाणू मिसळले, जे चिकटले नाहीत ते धुऊन टाकले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीवर किती जीवाणू बसले आहेत ते मोजले. मूत्रपिंडदाह झालेल्या मुलींचे जीवाणू पेशींना भरघोस चिकटत होते, लक्षणविरहित मुलींचे जीवाणू बहुतेक चिकटतच नव्हते, आणि मूत्राशयदाहाचे जीवाणू या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होते. हा निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर मारकशक्ती म्हणजे विष, अशी समजूत रूढ होती. आता प्रथमच असे दिसले, की मूत्रमार्गात शिरलेल्या जीवाणूची पहिली आणि निर्णायक पात्रता म्हणजे धरून राहण्याचे सामर्थ्य.

हे सामर्थ्य त्याच्या अंगावरील केसांसारख्या तंतूंत असते. त्यांची जाडी मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही कमी असून, अशा शेकडो तंतूंची झालर एकेका जीवाणूभोवती असते. स्वीडनमधीलच दोन गटांनी १९८० च्या सुमारास या तंतूंपैकी एका जातीचे रहस्य शोधून काढले: तिच्या टोकावरील प्रथिन मूत्रपिंडातील पेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या एका विशिष्ट शर्करायुग्मालाच धरते, आणि हे युग्म मानवी रक्तगटांपैकी ‘पी’ नावाच्या गटाचा घटक आहे. लँडस्टायनर आणि लेव्हिन यांनी १९२७ साली शोधलेला हा रक्तगट अर्धशतकभर रक्तपेढ्यांच्या कोपऱ्यात बिनकामाचा पडून होता. तो एकाएकी मूत्रपिंडाच्या रोगाची किल्ली ठरला. ज्या अत्यंत विरळ व्यक्तींच्या पेशींवर ही शर्करा मुळातच नसते, त्यांच्या पेशींना हे जीवाणू चिकटू शकत नाहीत. गुनिला केलेनियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मुलांपासून मिळालेल्या जीवाणूंची जी मोजदाद प्रसिद्ध केली ती पुरेशी बोलकी आहे: मूत्रपिंडदाहाच्या जीवाणूंपैकी ९१ टक्क्यांवर हे ‘पी’ तंतू सापडले, मूत्राशयदाहाच्या १९ टक्क्यांवर, लक्षणविरहितांच्या १४ टक्क्यांवर, आणि निरोगी मुलांच्या विष्ठेतील केवळ ७ टक्क्यांवर.

मूत्रपिंडापर्यंत न चढता मूत्राशयातच ठाण मांडणाऱ्यांची तऱ्हा निराळी. त्यांचे मुख्य साधन म्हणजे ‘प्रकार एक’चे तंतू, ज्यांचा अभ्यास स्कॉटलंडमध्ये डुगिड यांनी १९५० च्या दशकातच आरंभला होता. या तंतूच्या टोकाशी ‘फिम-एच’ नावाचे प्रथिन असते आणि ते मॅनोज नावाची शर्करा धरते. मूत्राशयाच्या आतील अस्तरावर ही शर्करा मुबलक आहे. या पकडीचा स्वभाव विलक्षण आहे. सामान्यतः एखादा बंध ओढला की सैल होतो. परंतु सिएटल येथील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले, की प्रवाहाचा ताण वाढला की फिम-एचची पकड सुटण्याऐवजी आणखी घट्ट होते. माळावरून चालताना धोतराला लागलेले कुसळ उलट्या दिशेने ओढावे तसतसे आत रुतत जाते, तसाच हा मामला आहे. शिवाय तंतूचा दांडा गुंडाळलेल्या वेटोळ्यांचा असून ताणाबरोबर ती वेटोळी उलगडतात आणि झोत ओसरला की पुन्हा मिटतात. ज्या लोंढ्याने जीवाणू वाहून जावा अशी निसर्गाची योजना, त्याच लोंढ्याच्या जोरावर तो अधिक भक्कम बसतो, हे पाहून शत्रूच्या कारागिरीला दाद द्यावीशी वाटते.

शरीरही स्वस्थ बसलेले नाही. निरोगी लघवीत सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन १९५० साली टॅम आणि हॉर्सफॉल यांनी वेगळे केले होते, आणि ते कशासाठी असते हे कित्येक वर्षे कोडेच होते. आता कळते, की त्याच्या लांबलचक धाग्यांवर हीच मॅनोज शर्करा टांगलेली असते. जीवाणू मूत्राशयाची भिंत समजून या तरंगत्या आमिषाला घट्ट मिठी मारतो आणि मग त्याच्यासह बाहेर पडतो. यावरूनच मॅनोजची पूड पाण्यातून घ्यावी, म्हणजे जीवाणूंचे हात आधीच भरतील, ही कल्पना निघाली आणि औषधांच्या दुकानांतून तिची चांगली विक्रीही होऊ लागली. कल्पना सुंदर आहे. पण इंग्लंड-वेल्समध्ये ५९८ स्त्रियांवर सहा महिने चाललेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के आणि नुसती साधी साखर घेणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी पुन्हा संसर्गाची तक्रार घेऊन दवाखाना गाठला. हा फरक शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

जीवाणू केवळ भिंतीला धरून थांबत नाही, हे त्याचे एक कारण असू शकेल. सेंट लुईस येथील स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या मूत्राशयात असे पाहिले, की फिम-एचच्या पकडीमुळे अस्तराची पेशीच जीवाणूला आत ओढून घेते. आत गेल्यावर तो वाढू लागतो, आणि काही तासांत एकाच पेशीच्या पोटात हजारोंची दाट वसाहत तयार होते. १९९८ आणि २००३ मधील या निबंधांतील छायाचित्रांत अस्तराच्या गुळगुळीत पृष्ठभागावर फुगवटे उठलेले स्पष्ट दिसतात. प्रतिजैविके तेथे नीट पोचत नाहीत. शरीर यावर उपाय म्हणून ती पेशीच सोलून टाकते, आणि लघवीबरोबर तिला बाहेर घालवते. पण त्यामुळे खालचा कोवळा थर उघडा पडतो आणि काही जीवाणू त्यात शिरून सुप्तावस्थेत दडी मारतात. २००७ मध्ये अशाच वसाहती आणि लांबलचक वाढलेले जीवाणू मूत्राशयदाहाच्या स्त्रियांच्या लघवीतही सापडले. पूर्ण औषध घेऊनही महिन्याभरात दुखणे उलटते, आणि मग घरचे लोक रुग्णालाच स्वच्छतेवरून बोल लावतात, त्यांनी ही गोष्ट एकदा समजावून घ्यावी.

विषांचा उल्लेख थोडक्यात पुरे. हिमोलायसिन नावाचे विष पेशीच्या आवरणाला भोके पाडते. दुसरे एक पेशीचा सांगाडाच बिघडवून टाकते. काही जीवाणूंच्या अंगाभोवती ‘के-१’ नावाचे कवच असते, आणि ते ज्या शर्करेचे बनलेले असते तीच आपल्या मज्जापेशींवरही असल्याने शरीराच्या पहारेकऱ्यांना त्यात परके असे काही दिसत नाही. परंतु या सर्वांहून मला अधिक रंजक वाटते ती लोहाची लढाई. जीवाणूला वाढीसाठी लोह हवेच आणि शरीर ते मोकळे म्हणून कोठेही ठेवत नाही. तेव्हा जीवाणू लोहाला जबरदस्त ओढणारे रेणू बाहेर सोडतो आणि लोहासह परत घेतो. यावर शरीराने एक प्रथिन योजले आहे, जे असा लोहवाहक रेणू वाटेतच हस्तगत करते. त्यावर जीवाणूचा प्रतिडाव असा, की त्या रेणूला शर्करेची जोड देऊन त्याचे रूप पालटायचे, म्हणजे ते प्रथिन त्याला पकडू शकत नाही. आणि एक वाट बंद झाली तर दुसरी असावी म्हणून मूत्रमार्गाचे जीवाणू बहुधा एकाच वेळी असे तीन-चार निरनिराळे रेणू बाळगतात.

हे सारे सामान एशेरिश यांच्या सालस जीवाणूपाशी आले कोठून, याचा शोध जर्मनीत वुर्झबुर्ग येथे लागला. तेथील योर्ग हाकर आणि सहकाऱ्यांना १९८० च्या दशकात आढळले, की मूत्रपिंडदाहाच्या एका जीवाणूच्या संततीत हिमोलायसिन बनवण्याची क्षमता कधीकधी एकाएकी नाहीशी होते, आणि ती जाते तेव्हा आनुवंशिक द्रव्याचा एक लांबच्या लांब तुकडाच जातो. त्या तुकड्याची रासायनिक ठेवण भोवतालच्या मजकुराशी जुळत नाही. अर्थात तो परकीय आहे, कोणत्या तरी अन्य जीवाणूकडून मिळालेला. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील एका रुग्ण स्त्रीपासून मिळालेल्या ‘सीएफटी-०७३’ या जीवाणूची संपूर्ण गुणसूत्रसंहिता वाचली गेली. ती बावन्न लाख अक्षरांची निघाली, तर प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी जातभाईची सेहेचाळीस लाखांची. ही संहिता, तो निरुपद्रवी जातभाई आणि अतिसाराचा एक जीवाणू, अशी तिघांची तुलना केली तेव्हा त्यांच्या एकूण प्रथिनांपैकी केवळ ३९.२ टक्के तिघांत समाईक निघाली. नाव एक, कूळ एक, आणि घरातली बरीचशी चीजवस्तू निराळी.

इतर जीवाणूंची येथे केवळ हजेरी घेतो. प्रोटियस हा युरिया फोडून अमोनिया करतो. त्याने लघवीचा आम्लपणा जातो, तीतील क्षार साखळतात आणि मूत्रपिंडात खडे होतात किंवा अंथरुणावरील रुग्णाची लघवीची नळी तुंबते. एन्टेरोकॉकस हा नळीमुळे मूत्राशयात जमणाऱ्या रक्तप्रथिनाला धरून राहतो.

इतके वर्णन केल्यावर सगळा दोष जीवाणूच्या पदरी बांधून मोकळे होण्याचा मोह होतो. पण पुरावा तसे करू देत नाही. स्वानबोर्ग यांच्याच गटाने १९८० च्या दशकात उंदरांच्या अशा एका वाणावर प्रयोग केले, ज्याचे शरीर जीवाणूच्या आवरणाची दखलच घेत नाही. त्या उंदरांत दाह झाला नाही आणि पूही झाला नाही. मात्र जीवाणू हटलेही नाहीत. म्हणजे आपण ज्याला रोग म्हणतो ती आग, तो ताप, ती कळ यांचा मोठा भाग शरीराच्याच प्रतिकाराचा आहे. मारकशक्ती ही एकट्या जीवाणूच्या मालकीची वस्तू नसून दोन पक्षांच्या गाठीभेटीत ती ठरते.

आणि तिसराही एक पक्ष आहे, ज्याचे नाव सूक्ष्मदर्शकाखाली उमटत नाही. मूत्राशय वेळच्या वेळी रिते होणे हा शरीराचा सर्वांत जुना बंदोबस्त. फिम-एचची पकड कितीही चिवट असली, तरी जे जीवाणू अजून चिकटलेले नाहीत ते झोताबरोबर जातात, आणि लघवी जितका वेळ साठून राहील तितकी त्यांना वाढीस सवड मिळते. आता मुंबईच्या पदपथावर भाजी विकणारी बाई, नाक्यावर उभी राहणारी महिला शिपाई, लांब पल्ल्याच्या एसटीतून जाणारी शिक्षिका, या सगळ्या घराबाहेर पडताना पाणी पिण्याचेच टाळतात, कारण वाटेत जाण्याजोगी जागा नाही आणि असली तर तेथे पैसे मोजावे लागतात, जे पुरुषांना बहुधा मोजावे लागत नाहीत. मुंबईत २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू झाली तेव्हा तिची थोडी थट्टाही झाली. त्या थट्टेखोरांना जीवाणूशास्त्राचा अर्धा तास पाठ दिला असता, तर महानगरपालिकेचे अंदाजपत्रक हाही रोगकारक घटकांपैकी एक आहे, हे त्यांच्या ध्यानात आले असते.

गोथेनबर्गच्या त्या संग्रहात एक जीवाणू होता, क्रमांक ८३९७२. तो एका शाळकरी मुलीच्या मूत्राशयात किमान तीन वर्षे राहिला आणि तिला त्याचा काहीही त्रास झाला नाही. पुढे त्याचे आनुवंशिक द्रव्य तपासले तेव्हा असे दिसले, की तो मुळात सालस नव्हता: तंतूंची जनुके त्याच्यापाशी होती, पण ‘प्रकार एक’च्या जनुकांचा मोठा भाग गळून पडला होता आणि ‘पी’ तंतूच्या टोकाच्या जनुकात दोष उत्पन्न झाला होता. मारकशक्तीचे सामान टाकून देऊन त्याने तेथे कायमचा मुक्काम मिळवला. स्वीडनमधील डॉक्टरांनी, ज्या रुग्णांचे मूत्राशय नीट रिते होत नाही आणि ज्यांना वारंवार संसर्ग होतो, अशांच्या मूत्राशयात हा जीवाणू बुद्ध्याच सोडला, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस रुग्णांच्या चाचणीत त्या काळात त्यांना संसर्ग कमी वेळा झाला. त्याच वर्षी आणखी एक निबंध आला. अशा रुग्णांतून परत मिळवलेल्या जीवाणूंच्या संहिता पाहता प्रत्येकात बदल झालेले आढळले, आणि हे बदल रुग्णागणिक निरनिराळे होते.

यामुळेच लघवीत लाखाच्या वर जीवाणू दिसले की लगेच प्रतिजैविक द्यावे, या जुन्या शिरस्त्याला आता जाणकारांचा आक्षेप आहे. सत्तरीच्या आजींना काही त्रास नसताना भलत्याच तपासणीत जीवाणू निघाले, तर त्यांना औषध न देणे हेच शास्त्रसंमत. दिल्याने लाभ होत नाही आणि पुढच्या खेपेस जीवाणू अधिक निर्ढावलेले भेटतात. याला अपवाद मोजके: ज्यात रक्तस्राव संभवतो अशी मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर, आणि गर्भवती स्त्री. गर्भावस्थेत मूत्रवाहिन्या सैल पडतात, गर्भाशयाचा भार त्यांच्यावर येतो, लघवी साचून राहते, आणि जीवाणूला वर मूत्रपिंडाकडे चढण्यास वाट मोकळी मिळते. तेव्हा आजींच्या थाळीवरचे आणि त्यांच्या गर्भवती नातीच्या थाळीवरचे पिवळे ठिपके एकाच जातीचे, एकाच संख्येचे असले, तरी आजींचा कागद वाचून बाजूला ठेवायचा आणि नातीला, तिला काहीही होत नसले तरी, त्याच आठवड्यात औषध सुरू करायचे.